मान हालली का

एक्स-रे उजेडाला धरून हर्षाली भोईर म्हणाली,
इथं कमान असते माणसाच्या मानेला.
तुमची सरळ झालीय, सामंत.
पट्टीनं रेघ मारावी तशी.

मला हसूच आलं.
शाळेत गावडे मास्तर पाठीत डस्टर टेकवून सांगायचे,
ताठ बस.
जेवताना आई, अभ्यासाला बाबा, तेच.
चाळीस वर्षं मी ताठ व्हायला बघत होतो
आणि झालो तो नेमका
जिथं थोडं वाकलेलं चालणार होतं तिथं.

घणसोलीत सेक्टर सातला, केकच्या दुकानावर
तिचा दवाखाना. दोन खाटा, एक मोठा निळा चेंडू,
भिंतीवर खडूची उभी रेघ.
तिला टाचा, ढुंगण, खांदे टेकवून उभं राहायचं
आणि डोकं मागं न्यायचं. वर नाही, मागं.
ड्रॉवर ढकलावा तशी हनुवटी आत.
दुसरी हनुवटी दिसू दे खुशाल, ती म्हणते,
इथं कोण बघायला आलंय तुम्हाला?

दहा वेळा. दर वेळी पाच आकडे.
सातव्या वेळी मानेच्या मुळाशी कुणीतरी
गंजलेली कडी काढतं.

बरोबर होतंय हे कळायचं कसं? मी विचारलं.
ती स्वतःचा अंगठा चोळत होती. त्यावर चिकटपट्टी.
दिवसभर दुसऱ्यांच्या पाठी दाबून
तिचाच सांधा गेलाय.
म्हणाली, आमची आत्या होती मिठागरात.
डोक्यावर ओली टोपली, पायाखाली बांध, हा एवढा.
सांगायची, मान हालली का मीठ सांडला.
तेवढं धरा.

महापेला आमच्या मजल्यावर सव्वाशे माणसं.
सव्वाशे माना पडद्याकडे निघालेल्या,
हौदाकडे निघालेल्या गुरांसारख्या.
मान वर करायला फुरसत नाही,
असं आम्ही घरी फोन करून सांगतो, जरा अभिमानानंच.
मी लॅपटॉपखाली तीन वर्षांचे दिवाळी अंक घातले,
पायाखाली भाऊबीजेचा पाट,
कमरेशी टॉवेलची वळकटी.
शेजारची जुईली म्हणाली, सामंत, बिऱ्हाड थाटताय का?
दर चाळीस मिनिटांनी फोन थरथरतो. उठतो.
पाण्याच्या मशीनपर्यंत जाऊन येतो.
तिथून पारसिकचा डोंगर दिसतो, एका अंगानं खाणीनं खाल्लेला.
तोही कधीचा तसाच
एका कुल्ल्यावर बसलाय.

गुरुवारी मीटिंगमध्ये रंगराजन म्हणाले,
शनिवारी येताय ना सगळे?
टेबलाभोवती माना हलल्या. अकरा.
मी तेव्हा सहाव्या वेळेत होतो,
हनुवटी आत, तिसरा आकडा,
डोक्यावर टोपली काठोकाठ.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.
सामंत, काही अडचण आहे का?

तेवीस वर्षांच्या नोकरीत
हा प्रश्न मला पहिल्यांदा आला.
चार.
पाच.
मग श्वास सोडला.

शनिवारी गेलोच म्हणा. घराचे हप्ते आहेत.
पण हो म्हणालो ते तोंडानं.
मीठ सांडलं नाही.

रात्री वळकटी मानेखाली घेऊन फरशीवर पडतो.
कमान परत यायला वर्ष लागेल, हर्षाली म्हणते,
कदाचित येणारही नाही, दुखणं तेवढं जाईल.
बायको एकदा ओलांडून जाते, एकदा वळसा घालून.
वर पंखा.
पात्यांच्या कडांना काळी धूळ बसलीय, बोटभर जाड.
कधीपासून होती कुणास ठाऊक.
रविवारी स्टुलावर चढून पुसायला हवी.
त्यासाठी मान वर करावी लागेल, बराच वेळ.

विचारतो तिला,
हे चालेल का.